आबांच्या डाव्या डोळ्यातला तीळ

खरेपणाचं मोजमाप एकच असतं आणि ते कधी बदलत नाही. आमच्या कंपनीत हे मोजमाप दर गुरुवारी सकाळी रावेरहून एसटीने यायचं, आल्याबरोबर अर्धा कप चहा मागायचं आणि जाताना वॉचमनला केळ्यांची एक फणी देऊन जायचं. त्याचं नाव आबा.

मी जळगावच्या एमआयडीसीत डोळे तपासायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत सव्वीस वर्षं नोकरी केली. शेवटची बारा वर्षं मी तपासणी विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक अंधारी खोली आणि 'मंजूर' असं लिहिलेला रबरी शिक्का. कारखान्यातले सगळे मला अक्का म्हणत. साहेब लोक मॅडम म्हणत. त्यांना माझ्याकडून सही हवी असे तेव्हा जरा जास्तच मॅडम म्हणत.

आमचं मुख्य उत्पादन म्हणजे हातात धरायचा एक कॅमेरा. डोळ्याच्या बाहुलीतून आत उजेड सोडायचा आणि मागच्या पडद्याचा फोटो काढायचा, एवढंच त्याचं काम. पडदा केशरी-लाल दिसतो आणि त्यावर रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, भूगोलाच्या पुस्तकातल्या तापी आणि तिच्या उपनद्यांसारख्या. साखरेचा आजार जुना झाला की या पडद्यावर बारीक लाल ठिपके उमटतात, खसखशीच्या दाण्याहून लहान. बहुतेकांना त्या वेळी चांगलं दिसत असतं, म्हणून ते डॉक्टरकडे जात नाहीत. दिसेनासं झालं की जातात, आणि तेव्हा गेलेलं परत आणता येत नाही. ते ठिपके वेळेवर दाखवणं म्हणजे आमचा सगळा धंदा. बाकी डबा, मूठ आणि जाहिरात.

ही कंपनी तिघांनी काढली. नाना भुसावळचे. रेल्वेत सिग्नलच्या दिव्यांच्या काचा बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर हात रिकामे राहिनात म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरांची यंत्रं दुरुस्त करू लागले आणि एक दिवस म्हणाले, "हे मी बनवू शकतो." मोतीशेठ जळगावातले डाळमिलवाले. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले. लेन्सचं खोकं आलं की ते काळ्या कापडावर लेन्स पसरून उत्तरेच्या उजेडात एकेक निवडत, तूरडाळीतले खडे निवडावेत तसे. त्यांनी बाजूला काढलेली लेन्स यंत्रावर घातली की खरंच कुठेतरी ओरखडा निघायचा. आणि तिसरे आबा, रावेरचे केळीचे व्यापारी, शिक्षण सातवी. त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, एक डोळा साखरेने गेला होता. गेल्यानंतर सगळ्यांना कळलं की आधी कळू शकलं असतं. नानांच्या यंत्राबद्दल कुठेतरी ऐकून आबा स्वतःच चालत आले आणि म्हणाले, "मलेबी घ्या."

पहिला कॅमेरा तयार झाला तेव्हा त्यात बघायला एक डोळा हवा होता. नानांच्या चष्म्याचा नंबर फार. मोतीशेठ म्हणाले, "मी भांडवल दिलंय, डोळा देणार नाही." आबा स्टुलावर बसले, टोपी मागे सारली आणि म्हणाले, "घ्या माहा."

आबांच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर एक तीळ निघाला. हातावर, गालावर असतो तसाच, फक्त आतल्या बाजूला. करडा, बारीक, कडा पुसट. धुळ्याच्या एक डॉक्टरीणबाई आमची यंत्रं आधी वापरून बघत. त्यांनी सांगितलं की तीळ निरुपद्रवी आहे, पण वर्षातून एकदा फोटो काढून ठेवा. नानांनी वर्षातून एकदाचं आठवड्यातून एकदा केलं. कारण त्यांच्या लक्षात आलं की तो तीळ आमच्यासाठी लाखमोलाचा आहे. रंग चुकला तर तो काळा दिसे. उजेड जास्त झाला तर नाहीसा होई. लेन्स तिरपी बसली तर लांबट होई. कॅमेऱ्याने आबांचा तीळ जसाच्या तसा दाखवला, तर तो कोणाचेही ठिपके दाखवणार.

तेव्हापासून प्रत्येक नव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो आबांच्या डाव्या डोळ्याचा. गुरुवारी ते अंधाऱ्या खोलीत बसत. अंधारात बाहुली आपोआप मोठी होते, त्यामुळे थेंब घालावे लागत नसत. मी एकेक कॅमेरा लावी, आबा मध्येच पेंगत, मी म्हणे, "आबा, डोळा उघडा." ते म्हणत, "उघडाच आहे व माय, तुझंच यंत्र झोपलं."

परदेशात यासाठी काचेचा खोटा डोळा मिळतो. आम्ही मागवलाही होता. तो चहा मागत नाही, हा त्याचा एकमेव फायदा.

मग मुंबईचे गुंतवणूकदार आले. कंपनी वाढवायची असेल तर ते येणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी नवे मुख्याधिकारी नेमले. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, नम्र, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढणारे. त्यांनी पहिल्या आठवड्यात जाहीर केलं की लोक यंत्रावर नाही, यंत्रामागच्या माणसांवर विश्वास ठेवतात. म्हणून एक गुळगुळीत पुस्तिका निघणार, 'आमचे नेतृत्व'. माझं मराठी आणि इंग्रजी बरं आहे असं कोणीतरी सांगितल्यामुळे प्रत्येकाचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं.

साहेबांचा परिचय तयारच आला, दोन पानांचा. आधी शीतपेयांच्या कंपनीत, मग मोबाइलच्या. त्यांच्या नेतृत्वाखाली निघालेला एक फोन चेहऱ्यावरचे डाग, मुरुमं, सुरकुत्या आपोआप घालवून फोटो काढायचा, आणि तो फार खपला होता. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. त्या ओळीवर तेव्हाच थांबायला हवं होतं.

नानांना विचारलं, "काय लिहू?"

"लिही, काचा पुसायचो."

"नाना, हे छापणार आहेत."

"मग लिही, स्वच्छ पुसायचो."

आबांचा परिचय मी असा लिहिला: 'रावेरचे केळीचे व्यापारी. घड बघून तो किती दिवसांत पिकेल ते सांगतात. आजवर एकदाही चुकल्याचं त्यांना मान्य नाही. कंपनीचा प्रत्येक कॅमेरा त्यांच्या डाव्या डोळ्यावर तपासला जातो.' साहेबांनी त्याचं 'कृषी मूल्यसाखळीतील द्रष्टे उद्योजक' केलं. मग टोपी आणि खांद्यावरचा पंचा असलेला फोटो आला, तो बघून त्यांनी आबांना पुस्तिकेतूनच काढलं. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण पान एकसारखं दिसायला हवं." पाठोपाठ गुरुवारही बंद झाला. अप्रमाणित व्यक्तीच्या डोळ्यावर तपासणी करणं योग्य नाही, इथून पुढे काचेचा डोळा. आबांना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे डोयाबी रिटायर."

याच सुमारास कॅमेऱ्यात नवं सॉफ्टवेअर आलं. पुण्याच्या मुलांनी केलेलं, हुशार मुलं. फोटो काढला की ते तो स्वच्छ करायचं, लेन्सवरच्या धुळीचे डाग काढून टाकायचं. साहेब हरखून गेले. पडदे असे निघू लागले की जणू आत्ताच धुऊन वाळत घातलेत. काचेच्या डोळ्यावर सगळं उत्तम. त्या डोळ्यावर रेघा होत्या, डाग नव्हते. मीही शिक्का मारून एक कॅमेरा शिबिरासाठी घेऊन गेले.

शिबिर दोंडाईच्याला होतं, धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंचं. रांगेत यमुनाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या होत्या, शेजारच्या खेड्यातल्या, साखर जुनी. मी फोटो काढला. पडदा झकास. मी म्हटलं, "आजी, डोळा चांगला आहे."

त्या म्हणाल्या, "तुनं मशीन खोटं बोलस, बाई. माले दिखत नही आन ते म्हनस बठ्ठं नीट शे."

रांगेतली माणसं हसली. मीही हसले, हे लिहून ठेवते. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाईंना आपल्या टेबलाशी नेलं, थेंब घातले, आपल्या भिंगातून बराच वेळ बघितलं आणि मला बोलावलं. "शैलाताई, बघा." मी बघितलं. लाल ठिपके, दोन्ही डोळ्यांत, मोजता येणार नाहीत इतके. मग त्यांनी आमच्या कॅमेऱ्यातला फोटो शेजारी धरला. एकही नाही.

"तुमच्या यंत्रात सगळे बरे होतात," त्या म्हणाल्या. "मला काही कामच उरणार नाही."

ती परतीची बस मला अजून आठवते. अमळनेर मागे पडेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की हा एकच कॅमेरा बिघडलेला असेल. त्याच सॉफ्टवेअरचे चाळीस कॅमेरे खोक्यांत भरून तयार होते. दुसऱ्या दिवशी मुंबईचे गुंतवणूकदार येणार होते, टेम्पोला हार घालणार होते, झेंडा दाखवणार होते, आणि कॅमेरे धुळे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या शिबिरांना जाणार होते. फक्त माझी सही आणि शिक्का बाकी होता.

जळगावला उतरल्याबरोबर मी आबांना फोन केला. "उद्या गुरुवार आहे. नेहमीसारखे या."

"बंद झालं ना?"

"या तुम्ही."

ते आले. टेम्पोला हार चढत होते तेव्हा मी आबांना अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि चाळीसमधला एक कॅमेरा लावला. पडदा स्वच्छ. नद्या, उपनद्या सगळ्या जागच्या जागी. तीळ नव्हता. दुसरा लावला, तिसरा लावला. नव्हता.

मी पुण्याला फोन केला. तिकडच्या मुलाने अगदी सरळपणे सांगितलं, "मॅडम, तुम्ही पाठवलेल्या नमुन्यांत प्रत्येक फोटोत एकाच जागी एक करडा डाग होता. वेगवेगळे कॅमेरे, तारखा वेगळ्या, पण डाग तोच. आम्हाला वाटलं, तुमच्या लेन्समध्येच दोष आहे. म्हणून तसे बारीक डाग, रंग कुठलाही असो, ओळखून पुसायला शिकवलं."

नमुन्याचे फोटो मीच पाठवले होते. त्यांनी म्हटलं होतं, जितके जास्त तितके चांगले. रुग्णांचे फोटो डॉक्टरांकडे राहतात. आमच्याकडे होते ते सगळे गुरुवारचे. कपाटातले सगळेच्या सगळे, वर्षावर्षांचे, मी नीट क्रमाने पाठवले, आणि ते सगळे एकाच माणसाच्या एकाच डोळ्याचे आहेत हे कळवायला विसरले. आमच्याकडे ते कोणाला सांगावंच लागत नसे. जगात दुसरी कुठली कंपनी ही चूक करू शकली असती असं मला वाटत नाही.

वर सभेच्या खोलीत साहेब आणि मुंबईची मंडळी बसली होती. नाना, मोतीशेठ एका बाजूला. प्रत्येकासमोर पुस्तिका. साहेबांनी माझ्याकडे कॅमेरे बाहेर सोडण्याचा कागद सरकवला आणि पेन दिलं. शिक्का माझ्या पर्समध्ये होता. तो मी काढला नाही. 'तपासणी प्रमुखांचा शेरा' या रकान्यात मी लिहिलं: 'मंजूर नाही. कारण : आबांचा तीळ दिसत नाही.'

साहेबांनी वाचलं. नम्र माणूस होता, आवाज चढवला नाही. "मॅडम, आपण बाहेर बोलू या का?"

"इथेच बोलू. बाहेर टेम्पो उभा आहे."

मुंबईकरांत एक वयस्क बाई होत्या, सगळ्यांत मागे बसलेल्या. त्यांनी कागद मागून घेतला, वाचला, पुस्तिका चाळली आणि विचारलं, "हे आबा कोण? यात नाहीत."

"खाली बसलेत," मी म्हटलं. "चहा पिताहेत."

आबांना वर आणलं, कॅमेरा आणला, खिडक्यांचे पडदे ओढले. सगळ्यांसमोर फोटो काढून भिंतीवर दाखवला, आणि शेजारी मी कपाटातला सहा वर्षांपूर्वीचा. त्यात तीळ होता. यमुनाबाईंची गोष्ट सांगितली. पुण्याची सांगितली. फोटो कोणी पाठवले असं कोणी विचारायच्या आत सांगितलं, "मी. चूक माझी आहे. पण चूक माझी आहे म्हणून ती टेम्पोत घालून पाठवायची नाही."

साहेब म्हणाले, "मान्य. सॉफ्टवेअर दुरुस्त करू. पण ते मागाहून दुरूनही बदलता येतं. आज कॅमेरे जाऊ द्या. एका तिळासाठी चाळीस कॅमेरे अडवायचे?"

"तोवर शिबिरात बसलेल्या माणसाला काय सांगायचं?"

"तोवर, मॅडम, नव्याण्णव टक्के फोटो चांगलेच..."

"चांगले दिसतील. तीच तर तक्रार आहे."

इतका वेळ आबा भिंतीकडे बघत होते. आता त्यांनी टोपी नीट केली. "हा डोया माहा नही."

"आबा, तुमचाच आहे, आत्ताच काढला," साहेब म्हणाले.

"भो, चाळीस वरीस केयी पाह्यली मी. डाग पुसला म्हनून सडलेलं केयं चांगलं होत नही." मग त्यांचा आवाज खाली आला. "माह्या घरवालीचे ठिपके कोनी पाह्यलेच नही, म्हनून तिचा डोया गेला. तेव्हा यंत्र नव्हतं. तुम्ही त यंत्र लावता आन पुसता."

मुंबईच्या बाईंनी नानांकडे बघितलं. "तुमचं काय मत?"

नाना म्हणाले, "झेंडा दाखवायचा असेल तर आधी लाइन मोकळी आहे का बघतात. लाइन मोकळी नाही."

मोतीशेठ एवढंच म्हणाले, "खडा दिसल्यावर पोतं शिवत नाहीत."

मी परिचय लिहायला घेतले तेव्हा मला ती सगळी थट्टा वाटली होती. त्या दिवशी त्यात तथ्य दिसलं. माणूस कुठल्याही खुर्चीवर बसला तरी जुनं काम सोबत नेतो. नानांना डोळ्यात दिवा दिसायचा, मोतीशेठना डाळ, आबांना केळीचा घड. साहेबांना चेहरा दिसायचा, आणि चेहऱ्यावर डाग नको. त्यांचं वाईट नव्हतं मनात. फक्त त्यांनी आधी विकलेल्या वस्तूत डाग पुसणं हे काम होतं आणि आमच्या वस्तूत डाग दाखवणं. हे सांगायला दोन पानं लागत नाहीत. पण त्यांच्या दोन पानांत ते नव्हतं, आणि ती मी स्वतः टाइप करून छापायला दिली होती.

टेम्पो रिकामा झाला. हार वॉचमनने गेटजवळच्या मारुतीला घातले. सॉफ्टवेअर दुरुस्त व्हायला पाच महिने लागले. त्यात मला एक लेखी समज मिळाली, 'अनधिकृत व्यक्तीस तपासणी कक्षात प्रवेश दिल्याबद्दल'. अनधिकृत व्यक्ती कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक होती. ते पत्र मी जपून ठेवलंय. सव्वीस वर्षांत माझ्या कामाची एवढी लेखी दखल कोणी घेतली नव्हती. साहेब वर्षभरात दुसरीकडे गेले. त्यांच्या परिचयाला आता तिसरं पान आहे, त्यावर लिहिलंय की त्यांनी रुग्णसुरक्षेसाठी संपूर्ण यंत्रणेची फेररचना घडवून आणली. हे मी कोणाला खोडून सांगत नाही. एका अर्थी घडवून आणलीच.

यमुनाबाईंवर धुळ्याला लेसरचे उपचार झाले. होतं तेवढं दिसणं टिकलं, गेलेलं आलं नाही. रांगेत मी हसले होते, ते मला अधूनमधून आठवतं.

गुरुवार पुन्हा सुरू झाले. मी नियमच टाइप करून भिंतीवर लावला: 'प्रत्येक कॅमेरा आबांच्या डाव्या डोळ्यावर तपासल्याखेरीज बाहेर जाणार नाही.' खाली माझी सही. कोणी काही म्हणालं की मी त्या कागदाकडे बोट दाखवायची. नव्या मुलांनी काचेच्या डोळ्याचं नाव काढलं तर त्यांना यमुनाबाईंची गोष्ट ऐकावी लागायची, पूर्ण.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात आबा मुलाकडे सुरतेला पाच महिने राहून परत आले. तोवर अकरा कॅमेरे कपाटात त्यांची वाट बघत थांबले होते. मी एकेक लावला. तीळ पुसट, पिवळट, धुक्यातून दिसावा तसा. अकराच्या अकरांत तेच. मी अकरा कागदांवर 'मंजूर नाही' लिहिलं, अक्षरही चांगलं आलं. नानांनी अकराही कॅमेरे खोलले, लेन्सचा सगळा माल परत पाठवायची तयारी केली. मी कारखान्यातल्या सगळ्यांना गोळा करून दर्जा कसा घसरतो, आणि तो घसरू द्यायचा नसेल तर माणसाने एका जागी कसं ठाम उभं राहावं, यावर पाऊण तास बोलले. दोघीजणी रडल्या. खात्रीसाठी एक कॅमेरा धुळ्याला पाठवला आणि पुढच्या आठवड्यात आबांनाही घेऊन गेले.

कॅमेऱ्यांत काही दोष नव्हता. आबांना मोतीबिंदू झाला होता.